सुलेखाकाकूंचा चीक आणि प्रेरणाची कुस्ती

मुकुंदवाडीत स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत सुलेखाकाकूंना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. आणि काकूंच्या तोंडून 'नाय' ऐकलंय असं शपथेवर सांगणारा तर मुळीच सापडायचा नाही. कुणी काहीही मागो, काकूंचं उत्तर ठरलेलं, "व्हय की, होऊन जाईल!" कसं होईल, कधी होईल, कुणाच्या जिवावर होईल, ते मागाहून बघायचं.

काकू वाळवणं करून द्यायच्या. पापड, सांडगे, शेवया झाल्याच, पण नाव होतं ते त्यांच्या कुरडईचं. पांढरीशुभ्र, जाळीदार, तेलात पडली की कढईभर फुलणारी. लग्नसराईत तर विचारू नका. नवरीच्या रुखवतात कुरडई काकूंचीच पाहिजे, असा या भागातल्या बायकांचा हट्टच. आता कुरडई म्हणजे काही दुकानातलं बिस्कीट नव्हे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी ते वाटून, गाळून त्याचा चीक काढायचा, तो रात्रभर पातेल्यात बसू द्यायचा आणि पाचव्या दिवशी सकाळी शिजवून गरम गरम सोऱ्यातनं गच्चीवर घालायचा. एकदा गहू भिजले की मग ना काकूंचं चालत ना देवाचं. पाचव्या दिवशी चीक शिजलाच पाहिजे, नाहीतर उन्हाळ्यात तो असा आंबतो की वासानं घर सोडावं लागतं.

गच्ची होती एकच, आणि तीही पुरी नव्हे. निम्मी जागा पाण्याच्या काळ्या टाक्यांनी खाल्लेली. नळाला पाणी येणार आठवड्यातनं एकदा, तर टाक्या नकोत कशा? उरलेल्या निम्म्यात काकूंच्या कुरडया, वरच्या भाडेकरणीच्या मिरच्या, समोरच्यांची चिंच आणि कुणाच्या ना कुणाच्या गाद्या. ऊनही म्हटलं तर फुकट, पण तेही मोजकंच. चैत्राचं कोरडं ऊन गेलं की वैशाखात ढग यायला लागतात आणि कुरडई पिवळी पडते. त्यात काकूंचे हात दोनच. मदतीला शेजारच्या साळूबाई. त्या मूळच्या मेंढरांमागं फिरलेल्या, चीक ढवळायला दणकट, पण खांदा दुखावल्यापासून सोऱ्या दाबायला उपयोगाच्या नाहीत. आणि असं सगळं असताना गल्ली काकूंकडं मागत राहायची आणि काकू "होऊन जाईल" म्हणत राहायच्या.

आता होऊन जायचं म्हणजे काहीतरी राहून जायचंच ना. ते काय राहायचं, हे गल्लीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं. काकूंचं माहेर फुलंब्रीच्याही पुढं अर्ध्या तासावर. तिथली जत्रा चैत्री पुनवेनंतरच्या अष्टमीला, म्हणजे नेमकी वाळवणाच्या ऐन घाईत. जत्रेत कुस्त्यांचा फड. काकूंचे वडील नावाजलेले पैलवान. बायकांनी फडाकडं फिरकायचं नाही असा तेव्हाचा रिवाज, म्हणून लहानगी सुलेखा शाळेच्या भिंतीवर चढून कुस्त्या बघायची. ढाक कुठली, एकचाक कुठला, समोरच्यानं पट काढला तर काय करायचं, सगळे डाव तिला पाठ. लग्न होऊन शहरात आल्या आणि दरवर्षी जत्रेच्या दिवशी गच्चीवर कुणाच्या तरी कुरडया निघायला लागल्या. काकूंना वाईट वाटायचं. लई वाईट वाटायचं. दिवसभर कावळे हाकलताना त्या मनातल्या मनात कुस्त्या लावायच्या आणि संध्याकाळी भावाला फोन करून विचारायच्या, "मानाची कुणी मारली रं?"

यंदा मात्र काकूंनी फाल्गुनातच जाहीर करून टाकलं होतं, जग इकडचं तिकडं होवो, जत्रेला जाणार म्हणजे जाणार. कारणही तसंच होतं. यंदा गावच्या फडात पहिल्यांदा पोरींच्या कुस्त्या ठेवल्या होत्या आणि पहिली जोड होती प्रेरणाची. प्रेरणा म्हणजे काकूंच्या भावाची मुलगी. शहरात तालीम आहे म्हणून दोन वर्षं आत्याकडंच राहिलेली. पहाटे तिचे बदाम काकू कुटायच्या, संध्याकाळी मुरगळलेला पाय काकू शेकायच्या आणि "कंबर खाली ठेव गं, कंबर!" असं स्वयंपाकघरातनं ओरडायच्याही काकूच. पोरीला आत्याचा लळा असा की गावाकडनं तिनं फोनवर सांगूनच टाकलं होतं, "आत्या, मला कुस्तीची भीती नाय. पण पहिल्यांदा आपल्या गावात उतरतेय. तू पाहिजेस बघ."

"येते की! तुला सोडून मी कुरडया घालीन व्हय?"

इथवर सगळं बेस. मग आली मोनिका.

मोनिका मागच्या गल्लीतली. क्रांती चौकात एका ऑफिसात नोकरीला, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाची सगळी सूत्रं तिच्याच हातात. मंगल कार्यालयाची पुढची तारीख मिळेना म्हणून लग्न आठ दिवस अलीकडं ओढलेलं. ती दारातनंच म्हणाली, "काकू, पंधरा किलो गव्हाच्या कुरडया. रुखवतासाठी पाच रंगांच्या मोठ्या, आणि बाकी पंगतीला. पुढच्या मंगळवारी लग्न हाय. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?"

काकूंनी बोटं मोजली. दिवस मोजायची त्यांची स्वतःची पद्धत होती. भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं, पण त्याचा उपयोग दुधाचा हिशोब लिहायला. गहू पुनवेला भिजवले की कितव्याला चीक, हे बोटांवर मोजायची आई-आजीपासूनची सवय. पुनव रविवारी रात्री संपली होती, म्हणून सोमवारी प्रतिपदा, मंगळवारी द्वितीया, असं करत अष्टमी येत होती पुढच्या सोमवारी. म्हणजे जत्रा सोमवारी. आज मंगळवार. आज भिजवले तर शनिवारी चीक निघेल, रविवारी दिवसभर कुरडया घालायच्या आणि सोमवारी सकाळी साळूबाईंच्या ओटीत गच्ची टाकून निघायचं. कसं गणित चपखल बसलं!

"व्हय की," काकू म्हणाल्या, "होऊन जाईल!"

शनिवारी दुपारी पंधरा किलोचा चीक गाळून झाला. तीन मोठी पातेली स्वयंपाकघरात ओळीनं मांडली गेली. काकूंचे हात कोपरापर्यंत पांढरे. कोपऱ्यात श्रेया, त्यांची नववीतली मुलगी, मोठ्यानं पाठ करत बसलेली. रविवारी तिच्या शिकवणीच्या वर्गात सराव परीक्षा होती आणि त्यात अर्थशास्त्राचा धडा होता.

"मानवी गरजा अमर्याद असतात. त्या भागवण्याची साधनं मर्यादित असतात. शिवाय एकच साधन अनेक कामांना वापरता येतं. म्हणून निवड करावी लागते. काय उत्पादन करायचं, कसं करायचं आणि कोणासाठी करायचं, हे प्रत्येक..."

"जरा हळू म्हण गं, डोकं उठलं," काकू म्हणाल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला. प्रेरणा.

"आत्या, उद्या कितीला येतीस? माझी जोड चारला लावलीय. दादा फाट्यावर गाडी घेऊन थांबतो म्हणलाय."

"उद्या कशाला? परवा हाय ना जत्रा."

"परवा नाय आत्या, उद्याच! यंदा चौथ अन् पंचमी एकाच दिवशी आली ना. अष्टमी उद्याच हाय."

काकूंनी चिकट हातानंच कालनिर्णय उलटवलं. रविवारच्या चौकोनात, दुधाच्या हिशोबाखाली, स्वच्छ छापलेलं होतं, अष्टमी. आठ बोटं बरोबर मोजली होती हो बाईनं, पण यंदा एक तिथी गळाली होती. बोटांना काय माहीत!

"आत्या? हॅलो? येतीस ना?"

"येते... येते की गं," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. समोर तीन पातेली, आणि तिन्ही उद्या सकाळी शिजायलाच पाहिजेत. पंधरा किलो म्हणजे सकाळपासून दिवस मावळेपर्यंतचं काम. आणि चारला कुस्ती.

मग सुरू झाली धावपळ. काकूंना वाटत होतं, कुठनं तरी थोडं इकडं, थोडं तिकडं केलं की दोन्ही जमेल. आजवर जमवलंच होतं की! आधी फ्रीज उघडून बघितला. त्यात एक पातेलं सोडा, त्याचं झाकणही बसेना. मग गल्लीतल्या चार घरी जाऊन आल्या, कुणी उद्या सोऱ्या दाबायला येतंय का बघायला. पण चैत्रात कोण मोकळं असणार? एकीचे पापड, एकीच्या शेवया, एकीकडं पाहुणे. शेवटी बद्रीनाथांवर, म्हणजे नवऱ्यावर नंबर आला. शेंद्र्याच्या कंपनीतनं ते नुकतेच दमून आले होते. काकूंनी त्यांच्या हातात सोऱ्या आणि शिळ्या पिठाचा गोळा दिला.

"अहो, दाबून दाखवा बरं."

बद्रीनाथांनी दात-ओठ खाऊन दाबलं. ताटात जे पडलं त्याला कुरडई म्हणणं म्हणजे कुरडईची बेअब्रू. साळूबाई दारात उभ्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "बद्रीनाथ, हे रुखवतात मांडलं तर नवरा मांडवातनं पळंल!"

"मग मी काय करू?" बद्रीनाथ सोऱ्या ठेवत म्हणाले. "आणि उद्या माझी पहिली पाळी हाय. सुट्टी मिळायची नाय."

काकूंना हसू आलं नाही. कपाळाला हात लावून त्या पातेल्यांकडं बघत बसल्या. श्रेयाला आईची दया आली असावी. ती पुस्तक घेऊन जवळ सरकली.

"आई, ह्यात लिहिलंय बघ. दोन्ही मिळत नसतं. एक निवडलं की दुसरं सोडावं लागतं. जे सोडलं तीच निवडलेल्या गोष्टीची खरी किंमत असते."

"असं लिहिलंय?"

"व्हय."

"अन् दर खेपेला कोण सोडतं, ते लिहिलंय का?"

श्रेयानं पान उलटून बघितलं. "ते नाय लिहिलेलं."

काकूंच्या मनात मात्र काहीतरी ढवळलं गेलं होतं. त्यांना एकदम कळलं की आजवर 'होऊन जाईल' म्हणताना कुणाच्या कुरडया चुकल्या नाहीत, कुणाचं रुखवत अडलं नाही, गिऱ्हाईक नाराज झालं नाही. पण काही फुकट झालं नव्हतं. प्रत्येक वेळी जत्रा गेली होती, आणि ती त्यांचीच गेली होती. त्यांना राग आला. मोनिकाचा नव्हे, कालनिर्णयाचाही नव्हे. स्वतःचा आला, आणि चांगलाच आला.

"साळूबाई," त्या उठून म्हणाल्या, "एक पातेलं सकाळी दहाच्या आत उरकंल का, तुम्ही ढवळायला अन् मी दाबायला?"

"एक उरकंल. दोन नाय."

"मग एकच करायचं. रुखवताचं. नवरी पोरगी हाय, तिचं ताट रिकामं नको. पंगतीत कुरडई नसली तर लोक भजी खातील."

"अन् मोनिकाला काय सांगशील?"

इथं काकूंची खरी परीक्षा होती. हातात फोन घेतला, नंबर लावला. तिकडनं मोनिकाचा आवाज आला तेव्हा काकूंनी डोळे मिटले.

"मोनिका, माझी चूक झाली बाई. तिथी मोजायला चुकले. उद्या माझ्या भाचीची कुस्ती हाय. तुझ्या रुखवताच्या कुरडया देते, पाच रंगांच्या, अगदी मन लावून. पण पंगतीच्या... पंगतीच्या नाय होणार."

पलीकडं भडकाच उडाला. "काकू, आता ऐनवेळी? लग्न मंगळवारी, आणि तुम्ही कुस्ती बघायला जाणार? कुस्ती काय दरसाल होत नाय?"

"होते की. दरसाल होते. मीच दरसाल नसते तिथं."

"ठीक आहे. मी बघते दुसरीकडं. पण मग आमच्या घरचं काम यापुढं तुमच्याकडं नाही काकू, सांगून ठेवते." फोन बंद.

लागलं काकूंना. मोनिकाची चूक नव्हती, तिचंही लग्नघर होतं, आणि काम तर काकूंनी स्वतःच घेतलं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि साळूबाईंना म्हणाल्या, "गेलं एक घर."

"जाऊ दे," साळूबाई म्हणाल्या. "दोन पातेल्यांचं काय करायचं ते सांग."

त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी गच्चीवर लागला. सकाळी उजाडायच्या आत पहिलं पातेलं चुलीवर चढलं. साळूबाई एका हातानं ढवळतायत, काकू रंग कालवतायत, गुठळी होऊ न देता चीक चकचकीत शिजला की सोऱ्यात भर आणि दाब. लाल, पिवळी, हिरवी, जांभळी आणि मधोमध पांढरी. अशा देखण्या कुरडया काकूंच्या हातनं याआधी उतरल्या नव्हत्या. मग उरलेली दोन पातेली नुसतीच शिजवली आणि श्रेयाला जिन्यावरनं हाक द्यायला लावली, "गरम चीक खायला चला!" शिजवलेला चीक, त्यावर दूध आणि गूळ. अर्ध्या गल्लीची रविवारची न्याहारी गच्चीवर झाली, टाक्यांना टेकून, वाट्या चाटूनपुसून. सराव परीक्षेला निघालेली श्रेयाही दोन वाट्या हाणून गेली. पंधरा किलोतला दहा किलो गहू असा मुखी लागला. नुकसान झालंच, पण निदान गटारात गेलं नाही.

रुखवताच्या कुरडयांवर साळूबाईंना राखण बसवून काकूंनी जरीकाठाचं लुगडं नेसलं आणि रिक्षानं हर्सूलचा नाका गाठला. तिथनं काळीपिवळी. दहा माणसांच्या गाडीत चौदा, काकू खिडकीशी दबलेल्या, पण चेहरा असा खुललेला की शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकीकडं चाललात व्हय?"

"तसंच म्हणा," काकू म्हणाल्या.

गावात पोचल्या तर फड गच्च भरलेला. बायकांसाठी एका बाजूला ट्रॅक्टरची ट्रॉली लावलेली. शाळेची ती जुनी भिंत कधीच पडली होती. काकू ट्रॉलीत सगळ्यांत पुढं जाऊन उभ्या राहिल्या. हलगी कडाडली. प्रेरणा लाल मातीत उतरली, माती कपाळाला लावली आणि तिची नजर गर्दीवरनं फिरत फिरत ट्रॉलीशी आली. आत्या दिसली. पोरीचा चेहरा असा काही उजळला की काकूंना तिथंच भरून आलं.

समोरची पोरगी कन्नड तालुक्यातली. अंगानं थोराड. सलामी झाली आणि प्रेरणानं पहिल्याच झटक्यात पट काढला. ट्रॉली दणाणली. "घे, घे, सोडू नको!" काकू ओरडत होत्या, पदर कधीच खांद्यावरनं घसरलेला. कन्नडची सुटली. पुन्हा खडाखडी. प्रेरणा वरचढ होती, गाव तिचं होतं, हलगी तिच्यासाठी वाजत होती. आणि तेवढ्यात ती एकचाक लावायला वळली आणि कंबर उचलली गेली.

"कंबर! कंबर खाली!" काकू किंचाळल्या.

उशीर झाला होता. कन्नडच्या पोरीनं ढाक मारली. प्रेरणा हवेत फिरली आणि पाठीवर आली. स्वच्छ चितपट. पंचानं हात वर केला तो दुसऱ्या पोरीचा.

लोकांनी जिंकणारीला खांद्यावर घेतलं. कुस्ती चांगली झाली होती, लोकांनी दिलखुलास टाळ्या दिल्या. हलगीवाले तिच्यामागं गेले, फेटे तिच्याकडं गेले, प्रेरणाचा बापही रिवाजाप्रमाणं तिला नारळ द्यायला गेला. मातीत प्रेरणा एकटी उरली. गुडघ्यावर बसलेली, मान खाली.

काकू ट्रॉलीतनं उतरल्या. बायका "अहो, आत जाऊ नका" म्हणत होत्या. काकू गेल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांचे पाय फडाच्या मातीत पडले. त्या पोरीजवळ बसल्या आणि तिच्या केसांतली माती झटकायला लागल्या.

"आत्या," प्रेरणा हुंदका देत म्हणाली, "श्रेयानं फोनवर सांगितलं मला. तुझं गिऱ्हाईक तुटलं, दहा किलो गहू गेला. कशासाठी? हरलेली बघायला?"

काकूंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. हातांना अजून कुरडईचा जांभळा रंग होता.

"येडी का गं तू? जिंकली असतीस तर मला जवळ तरी येऊ दिलं असतं का ह्या लोकांनी?" त्या म्हणाल्या, आणि हसता हसता रडायलाच लागल्या. "मी तुझ्यासाठी आले, तुझ्या नारळासाठी नाय. ऊठ आता. गुडघा बघू दे."

प्रेरणानं आत्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि दोघी मातीतनं हळूहळू बाहेर आल्या.